तारवाले काका

अंधेरीच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमची मशीनरूम होती आणि तिथे रात्रपाळीला तार खात्यातून आलेले एक काका होते. फोर्टातल्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात टेलिप्रिंटरवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुदतीआधी निवृत्ती घेतली, पण घरी बसवेना, म्हणून ओळखीतून आमच्याकडे ऑपरेटर म्हणून लागले. मी तेव्हा नुकतीच इंजिनिअर होऊन नोकरीला आले होते. माझी दुपारची पाळी संपत आली की काका डबा आणि थर्मास घेऊन यायचे. ऑफिसातली मुलं त्यांना तारवाले काका म्हणायची, त्यात थोडी चेष्टा होती. मला मात्र त्या अर्ध्यापाऊण तासाच्या गाठीभेटीत जे मिळालं त्यावर आजवर माझं पोट चाललं आहे. हे अलंकार म्हणून लिहीत नाही. दूरच्या यंत्रांचे कन्सोल घरबसल्या सांभाळणं हीच माझी नोकरी आहे, आणि तिची बाराखडी गिरवून घेणाऱ्या माणसानं संगणकाचं पुस्तक कधी उघडलंही नव्हतं.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रॅकमधल्या सर्व्हरला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. नेटवर्क ठीक असेल तर जगातून कुठूनही त्यात शिरता येतं. पण नेटवर्कच गेलं, किंवा यंत्र उठतानाच अडखळलं, तर? त्यासाठी पाठीमागे एक सिरियल पोर्ट असतो. त्याचं आरएस-232 हे मानक 1960 सालचं. त्यातल्या तीन तारा पुरतात: एक पाठवायची, एक घ्यायची, एक ग्राउंडची. वीज चालू केल्यावरच्या मेमरी तपासणीपासून ते कर्नल कोसळतानाच्या अखेरच्या ओळीपर्यंत यंत्र जे काही बोलतं ते या तारेवर बोलतं; हाच त्याचा कन्सोल. अशा सगळ्या तारा एका डब्यात आणायच्या आणि त्या डब्यापर्यंत नेटवर्कनं किंवा फोननं पोचायचं. दुरून कन्सोल सांभाळणं म्हणतात ते एवढंच.

या तारेचा वेग बहुतेक ठिकाणी 9600. प्रत्येक अक्षराचे आठ बिट, त्याला एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा, असे दहा धरले तर सेकंदाला 960 अक्षरं. ऐंशी अक्षरं रुंद आणि चोवीस ओळी उंच पडदा भरायला दोन सेकंद लागतात. आमची मुलं यावर वैतागायची. काकांना मात्र तो वेग म्हणजे उधळपट्टी वाटायची. त्यांचा टेलिप्रिंटर 50 बॉडचा, मिनिटाला साधारण 66 शब्दांचा. त्यात अक्षराचे पाचच बिट, पण आधी स्टार्ट आणि नंतर दीड स्टॉप हे होतंच. कॉलेजात मी जी आकृती परीक्षेपुरती पाठ केली होती ती काका टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचे. केबलीही तेच बनवत. दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट, पाच नंबर सरळ, मग मल्टिमीटर लावून प्रत्येक टोक तपासायचं, आणि सगळ्या केबली मेण लावलेल्या दोऱ्यानं वीत-वीत अंतरावर गाठी मारून बांधायच्या. प्लास्टिकचे टाय त्यांना चालत नसत. "ते केबलचा गळा दाबतात," म्हणायचे.

सुरुवातीला कन्सोल गोळा करायला आमच्याकडे एक विकतचा डबा होता. कोणाचा ते सांगत नाही. एका संध्याकाळी त्या डब्याची वीज क्षणभर गेली आणि आली, आणि त्याला जोडलेली सन कंपनीची सगळी यंत्रं एकदम थांबली. बंद पडली नाहीत, नुसती थांबली. प्रत्येकाच्या कन्सोलवर 'ओके' एवढीच अक्षरं आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. साहेब म्हणाले व्हायरस. विक्रेत्याचा माणूस आला, त्यानं चहा घेतला आणि कागदावर 'अर्थिंग दोष' असं लिहून गेला. काकांनी डबा खोलीभर मिरवत आणला, टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "बंद होताना हा लाइन उघडी टाकतो का गं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. टेलिप्रिंटरच्या लाइनीत स्वस्थ असतानाही करंट वाहत असतो. समोरचा भराभरा पाठवतोय आणि आपल्याला त्याला मध्येच थांबवायचंय, तर काय करायचं? आपल्या बाजूनं लाइन तोडून धरायची. त्याचं यंत्र खडखडतं, तो ओळखतो आणि हात आवरतो. याला ब्रेक म्हणतात, आणि ही खूण इतकी जुनी की सिरियल पोर्टातही ती जशीच्या तशी आली. सनच्या यंत्राला कन्सोलवरून लांब ब्रेक मिळाला की ते समजतं, ऑपरेटर थांब म्हणतोय. मग ते हातातलं काम जागच्या जागी ठेवून 'ओके' म्हणून उभं राहतं. 'गो' म्हटलं की पुढे चालू लागतं. आमचा डबा वीज जाताना सगळ्या लाइनी उघड्या टाकत होता आणि यंत्रं आज्ञाधारकपणे थांबत होती. मी एकेका कन्सोलवर 'गो' टाइप केलं. यंत्रं चालू लागली. काका थर्मासमधला चहा ओतत होते.

पुढचं काम माझं होतं. सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कीबोर्डच्या सेटिंगच्या फायलीत एक ओळ बदलली की यंत्र खऱ्या ब्रेककडे दुर्लक्ष करतं. थांबवायचंच असेल तर एंटर, मग टिल्ड, मग कंट्रोल-बी असा क्रम द्यावा लागतो. हे मला सापडलं ते डेव्हिड हॅरिस या गृहस्थांनी, ज्यांना त्या वर्तुळात सगळे झोंकर म्हणतात, लिहून ठेवलेल्या एका लांबलचक टिपणात. कोणत्या यंत्राच्या कोणत्या पिना, कोणता डबा वीज जाताना ब्रेक सोडतो, कोणता नाही, सगळं त्यात होतं, आणि फुकट होतं. काकांनी ते मला छापून मागितलं. पेन्सिल घेऊन ते सबंध वाचलं. कंपनीनं पगार देऊन पाठवलेल्या माणसानं 'अर्थिंग' लिहिलं आणि कधी न भेटलेल्या माणसानं पिनांचे नंबर दिले, हा हिशेब काकांनी मला त्या दिवशी न बोलता दाखवला.

त्याच वाटेनं आम्ही कॉन्सर्व्हर नावाच्या प्रोग्रामपर्यंत आलो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टॉम फाइन आणि स्टीव्ह रोमिग यांनी 1990 मध्ये कन्सोल सर्व्हरची कल्पना एका परिषदेत मांडली. मग पर्ड्यू विद्यापीठात केव्हिन ब्राउन्सडॉर्फ यांनी त्यावर काम केलं, आणि पुढे ब्रायन स्टान्सेल यांनी तो प्रोग्राम वर्षानुवर्षं सांभाळला. त्याची करामत दिसायला साधी आहे. तो प्रत्येक कन्सोलची लाइन कायम उघडी धरून बसतो, कुणी बघत असो वा नसो, आणि येईल ते अक्षर वेळेसकट फायलीत उतरवतो. एकजण टाइप करत असताना बाकीचे नुसते बघू शकतात. म्हणजे रात्री तीनला कोसळलेल्या यंत्रानं शेवटी काय म्हटलं ते सकाळी नऊला वाचता येतं. आमच्या आधीच्या डब्यात हे नव्हतं. कुणी जोडलेलं नसेल तेव्हा आलेली अक्षरं हवेत विरायची. आम्ही एक जुना पेंटियम घेतला, त्यात बहुपोर्टी सिरियल कार्ड बसवलं, लिनक्स आणि कॉन्सर्व्हर चढवला.

काकांना हा प्रोग्राम त्यांच्या तार ऑफिसातून आल्यासारखा वाटला. तिथे आलेल्या प्रत्येक संदेशाची नोंद, वेळ आणि सही असायची. रात्री तीनच्या सुमाराला ते फायली उघडून ओळीन् ओळ वाचायचे. इंग्रजीचा अर्थ पुष्कळदा लागत नसे, पण रोजच्यापेक्षा वेगळी ओळ डोळ्याला खटकायची, आणि ती ते निळ्या शाईनं रजिस्टरात उतरवून ठेवत. डिस्क पूर्ण निकामी होण्याच्या कितीतरी आधी ती 'पुन्हा प्रयत्न' अशी कुरकुर करते, हे मला त्या रजिस्टरामुळे दिसलं. मी हात लावायला धावले की ते म्हणत, "आधी वाच. त्यानं काय सांगितलंय ते पुरतं ऐकून घे, मग तू बोल." आज माझ्या हाताखालची मुलं बिघाड झाला की पहिल्यांदा रीबूट करतात आणि पुरावा पुसून टाकतात. मी काकांचं वाक्य त्यांना ऐकवते. त्यांना ते म्हातारं वाटतं.

एका रात्री काका म्हणाले, त्या प्रोग्रामवाल्यांना आभाराचं पत्र लिही. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी इंग्रजीत करते. त्यांनी सांगितलं: "प्रोग्राम चालतो. रात्री झोप लागते. आभार." पत्र कसलं, तारच ती, शब्दामागे पैसे मोजल्यासारखी. मी म्हटलं, "काका, रात्रपाळीच्या ऑपरेटरनं झोप लागते असं लिहू नये."

"ते काय आपल्या मॅनेजरला सांगणार आहेत?"

मी तसंच पाठवलं.

आता खरं ऋण. कॉन्सर्व्हरच्या पेंटियमला एक मोडेम लावायचा ठरला, म्हणजे इंटरनेट गेलं तरी फोन करून आत येता येईल. त्यासाठी फोन हवा. प्रशासन म्हणालं, ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजचं, म्हणजे ईपीएबीएक्सचं, एक एक्स्टेन्शन घ्या, उगाच वेगळं बिल कशाला. काका हटून बसले. त्यांना एमटीएनएलची थेट लाइनच हवी होती. ईपीएबीएक्स इमारतीच्या विजेवर चालतो, वीज गेली की तो मेला. एक्स्चेंजची लाइन मात्र आपली 48 व्होल्टची वीज आपल्याबरोबर घेऊन येते, एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीतून. "आपल्याकडे अंधार झाला तरी तिच्यात जीव असतो," हे त्यांनी प्रशासनातल्या बाईंना समजावलं, हिशेबनीसाला समजावलं, मग तार खात्याच्या इंग्रजीत स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. बऱ्याच खेट्यांनंतर लाइन मिळाली. मलाही तेव्हा हा म्हाताऱ्याचा हेका वाटला होता. मोडेम काकांनी यूपीएसवर घेतला आणि त्याचा वेग मुद्दाम 9600 वर बांधून ठेवला. खराब लाइनीवर तोच टिकतो.

2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच दिवशी शंभरही नव्हता. मी तोवर पुण्याच्या शाखेत आले होते. मुंबईच्या साहेबांनी माणसांना दुपारीच घरी सोडलं होतं. त्यातली बरीच मंडळी रात्रभर रस्त्यात होती. पाऊस बघून काका नेहमीपेक्षा लवकर निघाले आणि त्यांची लोकल वाटेत अडकली. संध्याकाळी आमची लीज्ड लाइन गेली आणि माझ्या पडद्यावर अंधेरीची सगळी यंत्रं एकदम लाल झाली. कुणाचाच मोबाइल लागेना. मी मोडेमचा नंबर फिरवला. या मार्गावरच्या सर्व लाइनी व्यस्त आहेत. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मग कधीतरी पलीकडे घंटा वाजली आणि मोडेमची ती कर्कश शीळ ऐकू आली. मला आजही तिच्याइतकं गोड काही आठवत नाही.

आत गेल्यावर मी काही टाइप केलं नाही. कॉन्सर्व्हरमध्ये कंट्रोल-ई, सी, आर दाबलं की त्या कन्सोलच्या शेवटच्या वीस ओळी परत दिसतात. एकेक कन्सोल घेऊन त्या ओळी वाचल्या. यूपीएस बॅटरीवर होता, म्हणजे आवारातला जनरेटर पाण्यात गेला होता. नेटवर्क स्विचांचा रॅक यूपीएसवर नव्हताच, त्यामुळे यंत्रांना एकमेकांचाही पत्ता नव्हता. फाइल सर्व्हर सापडत नसल्याची तक्रार ती कन्सोलवर पुन्हा पुन्हा लिहीत होती. त्या इमारतीत आता ऐकायला येणारा एकच रस्ता उरला होता, काकांनी दोऱ्यानं बांधलेल्या केबलींचा.

डेटाबेस आधी बंद केला. तो सावकाश बंद होतो, घाई केली तर पुढचा आठवडा दुरुस्तीत जातो. ओळी टपकत होत्या, मी बघत होते, आणि बॅटरीत किती उरलंय याचा अंदाज तेवढा मनात चालू होता. डेटाबेस नीट मिटला. त्याचं यंत्र मिटलं. मग फाइल सर्व्हर. बाकीच्यांपैकी काही सहज बंद झाली, काही मात्र बंद होता होता न सापडणाऱ्या फाइल सर्व्हरची वाट बघत अडकून बसली. त्यांना एंटर, टिल्ड, कंट्रोल-बी दिलं आणि 'ओके'वर आणून उभं केलं. आता वीज गेली तरी डिस्कवर कुणी लिहीत नव्हतं. सगळ्यात शेवटी पेंटियम. त्याला बंद करायची आज्ञा दिली, आणि थोड्या वेळानं माझ्या पडद्यावर 'नो कॅरिअर' उमटलं. त्या रात्री शहरात कित्येक ठिकाणी फोनही गेले. आमच्या एक्स्चेंजची बॅटरी तोवर टिकली.

काका रुळांवरून चालत, मग कुणाच्या तरी घरी रात्र काढून, तिसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले. वीज आल्यावर आम्ही दोघांनी फोनवर यंत्रं उठवली, ते बटणं दाबत होते, मी कन्सोल वाचत होते. एकही फाइल गेली नव्हती. साहेबांनी मला बक्षीस दिलं. मी ते काकांना द्यायला निघाले तर त्यांनी हातानंच परत केलं. पुढच्या खेपेला मुंबईला गेले तेव्हा रजिस्टर बघितलं. 26 तारखेच्या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलं होतं: "मी हजर नव्हतो. लाइन होती."

पुढे ती मशीनरूमच उठली, यंत्रं नवी मुंबईच्या डेटा सेंटरात गेली आणि काका घरी बसले. जुलै 2013 मध्ये सरकारनं तार सेवा बंद केली आणि शेवटची तार करायला लोकांनी रांगा लावल्या. मी काकांना फोन केला, म्हटलं, चला, आपणही फोर्टात जाऊ. म्हणाले, "इतकी वर्षं कुणाला तार आठवली नाही, आता गर्दी करतायत. तू तुझं मोडेमचं बिल भरतेस ना?" आता काका नाहीत.

सिरियल पोर्टाची जागा आता मुख्यतः बीएमसीनं घेतली आहे. म्हणजे महानगरपालिका नव्हे. सर्व्हरच्या आतच बसवलेला छोटा स्वतंत्र संगणक. मुख्य यंत्र बंद असलं तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर तो जागा असतो. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी त्यासाठी आयपीएमआय हे मानक 1998 मध्ये आणलं, आणि 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीत सिरियलची अक्षरं नेटवर्कवरून नेण्याची सोय आली. सोय उत्तम, पण दार मोठं. डॅन फार्मर यांनी 2013 मध्येच दाखवून दिलं होतं की हा प्रोटोकॉल ओळख पटायच्या आधीच पासवर्डचा हॅश समोरच्याच्या हाती देतो. असा पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवणं हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. शिवाय आजची मुलं ब्राउझरमध्ये पडद्याचं चित्र बघतात. चित्र छान दिसतं, पण ते कुणी बघत नसताना कुठे लिहून ठेवलं जात नाही, आणि त्यात शोधताही येत नाही. मी अजून अक्षरंच साठवते.

आणि जुना प्रश्न तसाच आहे. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. मुख्य नेटवर्क तर गेलंच होतं, पण अडचणीच्या वेळी वापरायचा वेगळा मार्गही चालेना, आणि शेवटी माणसांना डेटा सेंटरात पाठवावं लागलं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं विंडोजची सुमारे 85 लाख यंत्रं बसली. ज्यांच्या सर्व्हरना दुरून कन्सोल होता त्यांनी खुर्चीतून दुरुस्ती केली, बाकीचे यंत्रामागून यंत्र हिंडत राहिले. बातम्या वाचताना मला दोन्ही वेळा एमटीएनएलचा तो अर्ज आठवला.

ज्यांच्या जबाबदारीवर सर्व्हर आहेत त्यांना एक विनंती. तुमच्या कन्सोल सर्व्हरला आता मोडेमऐवजी 4जीचं सिमकार्ड असेल. ऑफिसचं नेटवर्क न वापरता त्या वाटेनं या आठवड्यात एकदा आत शिरून बघा, आणि सिमचा रिचार्ज संपलेला नाही ना, हेही पाहा.